बंद सांगितलेला कॉम्प्युटर

त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे भाकरीचा तवा उतरवून मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि बटण दाबलं. दिवा लागला, डब्यातला पंखा फिरायला लागला, पण पडदा काळाच राहिला. थोड्या वेळानं आतून एक लांब आवाज आला, थांबला आणि पुन्हा आला. मी बंद करून परत लावला. तेच झालं. वायर काढून घातली, पडद्याच्या मागचा खटका दाबून पाहिला, बोर्डावरचं बटण खालीवर केलं. मग स्टुलावर नुसतीच बसून राहिले. रात्री वीज दोनदा गेली-आली होती, त्यानं काही झालं असेल, एवढंच मला सुचत होतं.

मी पुसेगावात राहते. माझं माहेर डोंगरकडा. लग्न केलं नाही, त्यामुळे माहेर म्हणायचं तरी कशाला, पण आमच्याकडं तसंच म्हणतात. भाऊ-भावजय तिकडं असतात. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. उभी नोकरी सेनगाव तालुक्यात झाली, त्यातली शेवटची बरीच वर्षं एका तांड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत. तांडा जवळ म्हणून पुसेगावात दोन खोल्या बांधल्या आणि आईला घेऊन राहिले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आई जाऊन दोन.

आई होती तोवर घरात आवाज असायचा. ती बोलायची कमी, पण खोकायची, भांडी सरकवायची, दारातून जाणाऱ्याला हटकून 'कुठं निघालास' विचारायची. ती गेल्यावर घरात कसलाच आवाज राहिला नाही. सकाळचा तो कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला की मला बरं वाटायचं, हे मी आतापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

त्या कॉम्प्युटरवर मी काय करत होते, तेही सांगायला हवं. तांड्यावरची लेकरं घरी त्यांची बोली बोलतात. पहिलीत आलेलं पोरगं आईला 'याडी' म्हणतं, भाकरीला 'बाटी' म्हणतं, आणि आमचं पुस्तक मराठीत. मग ते लेकरू वर्गात गप्प बसतं आणि आपण म्हणतो, याला काही येत नाही. मला हे कळायलाच दोन वर्षं लागली. कळल्यावर मी आणि शाळेतले दुसरे शिक्षक, आम्ही दोघांनी त्या बोलीतल्या शब्दांची यादी करायला घेतली. एका बाजूला त्यांचा शब्द, समोर मराठी. ती यादी निवृत्तीनंतरही मी सोडली नाही. बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाया माझ्या ओट्यावर टेकायच्या, पाणी प्यायच्या आणि दोन-चार शब्द देऊन जायच्या. त्यांनी दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी टाइप करायचा, असा माझा नेम होता. सगळी यादी त्या डब्यात होती. पेन ड्राइव्हवर काढून ठेवायची म्हणून मी पेन ड्राइव्ह आणलाही होता. तो अजून वेष्टनातच होता.

हिंगोलीच्या एका दुकानात फोन करून पाहिला. तिथल्या माणसानं मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं आणि म्हणाला, "मॅडम, इतना पुराना अब कोई नहीं खोलता. नया ले लो." मी म्हटलं, आत माझं काम आहे. तो म्हणाला, घेऊन या, पण भरवसा देत नाही. तो डबा उचलून बसमधून न्यायचा, तिथं काउंटरवर ठेवून निघून यायचं आणि त्यानं आत काय केलं ते आपल्याला कळणार नाही, हे मला नको होतं.

तो कॉम्प्युटर ज्यांनी जोडला होता, त्यांना तो ठाऊक होता. ते म्हणजे शाळेतले तेच दुसरे शिक्षक. त्यांना मी सर म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. त्यांनी नांदेडहून एकेक भाग आणून आमच्याच घरात, आईच्या बाजेवर पोतं अंथरून, तो डबा उभा केला होता. आई शेजारी बसून विचारत होती, "ह्याच्यात बाई बसून बोलती का?" सर हसून म्हणाले होते, "न्हाई आजी, ह्यात तुमची लेकच बोलणार."

पण सरांना फोन करायचा म्हणजे मला अवघड होतं. आम्ही नऊ वर्षांत बोललो नव्हतो, आणि त्यात चूक माझी होती.

झालं असं, की तालुक्याला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरलं होतं. आमची यादी तोवर बरीच झाली होती. सरांनी ती छापून, शिवून, तिला पुठ्ठा लावून दिला. अर्ज भरायचं काम माझ्याकडं होतं. अर्जात 'शिक्षकाचे नाव' म्हणून एकच ओळ होती. मी माझं नाव लिहिलं. दोन नावं बसली नसती असं नाही. बारीक अक्षरात बसली असती. मला त्या वेळी वाटलं, सुरुवात माझी, तांड्यावरच्या बायांशी ओळख माझी. असं काहीतरी मनात जुळवून मी ओळ भरली. यादीला दुसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र शाळेत आलं. सरांनी ते वाचलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "चांगलं झालं बाई." त्या दिवसापासून ते माझ्याशी फक्त शाळेच्या कामाचं बोलले. हजेरी, खिचडी, अहवाल. सहा महिन्यांनी त्यांची बदली त्यांच्या गावाकडं, हट्ट्याला झाली. निरोपाच्या दिवशीही मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं ते एकच होतं, आणि तेच तोंडातून निघालं नाही.

तीन दिवस मी रोज सकाळी बटण दाबत होते आणि तो आवाज ऐकत होते. चौथ्या दिवशी जुन्या डायरीतून नंबर काढला. नंबर बदललेला असेल असं स्वतःला सांगत लावला. दोनदा वाजला आणि उचलला गेला.

"कोण?"

मी नाव सांगितलं.

"जरा मोठ्यानं बोला, ऐकू येऊन न्हाई राहिलं."

मी पुन्हा सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं. मग सर म्हणाले, "बाई, बोला."

ते बरे आहेत का, घरी कसं आहे, असलं काही न विचारता मी एकदम म्हणाले, "सर, कॉम्प्युटर सुरू होत न्हाई."

"आपला तोच?"

'आपला' म्हणाले.

"तोच," मी म्हटलं.

"दिवा लागतो का?"

"लागतो."

"पंखा?"

"फिरतो. पडदा काळा. आणि आतून आवाज येतो."

"कसला आवाज? फोन जवळ धरा."

मी फोन डब्याला टेकवून बटण दाबलं. आवाज तीनदा आला. फोन कानाला लावला तर सर म्हणत होते, "मला काहीच न्हाई आलं. बाई, माझे कान गेलेत. बारीक आवाज तर मुळीच कळत न्हाई. तुमीच सांगा. लांब हाय का तुटक?"

"लांब. थांबून थांबून."

"एकसारखा येऊन राहिला का मोजून थांबतो?"

"मोजून न्हाई, बंद करेपर्यंत येतच राहतो."

"मग हार्ड डिस्क ठीक असणार," ते म्हणाले. "तुमचं काम आत बराबर असणार. घाबरू नका. हे रॅमचं हाय. उद्या अकराला फोन करतो, स्क्रू ड्रायव्हर आणि खोडरबर घेऊन बसा."

खोडरबर कशाला, ते मी विचारलं नाही. गल्लीतल्या दुकानातून शाळेची पोरं घेतात तसा पांढरा खोडरबर आणला.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला फोन वाजला. सरांनी मला वायर काढायला लावली, डबा आडवा करायला लावला, बाजूचे दोन स्क्रू सोडवून पत्रा सरकवायला लावला. आत धूळ इतकी होती की पंख्याची पाती दिसत नव्हती. "आधी हात लोखंडाला लावा," सर म्हणाले, "अंगातली वीज उतरू द्या." मी खिडकीच्या गजाला हात लावला. मग त्यांनी रॅमच्या पट्टीचं वर्णन केलं: बोटभर रुंद, वीतभर नाही, तिच्याहून थोडी कमी, हिरवी, उभी खोवलेली, दोन्ही टोकांना पांढरे खटके. मला सापडली. खटके बाहेर दाबले तशी ती आपोआप वर आली.

"खालच्या कडेला पिवळ्या रेघा दिसतात?"

"दिसतात. काळपट झाल्यात."

"त्याच घासा खोडरबरनं. दोन्हीकडून. हळू, एकाच दिशेनं. मग फुंकर न्हाई मारायची, तोंडातली ओल लागती. मऊ ब्रशनं..."

इथं फोन तुटला. आमच्याकडं रेंज अशीच येते-जाते. मी पिवळ्या रेघा घासल्या. खोडरबरचा काळा चुरा टेबलावर पडत होता आणि रेघा सोन्यासारख्या निघत होत्या. पट्टी परत खाचेत ठेवली, अंगठ्यांनी दाबली, दोन्हीकडं खट् झालं. वायर लावली, बटण दाबलं.

एकच तुटक आवाज आला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. घड्याळाची वेळ हरवली आहे असं काहीतरी इंग्रजीत होतं. एक बटण दाबायला सांगितलं होतं, ते मी दाबलं. मग नेहमीचं निळं चित्र आलं. तारीख कित्येक वर्षांपूर्वीची दाखवत होता, पण यादी जागेवर होती. मी शेवटच्या पानावर जाऊन शेवटचा शब्द पाहिला. बाजाराच्या दिवशी आलेला, धान्याच्या कणगीला म्हणतात तो.

फोन वाजला. सरच होते.

"लागला का?"

मी तोंड उघडलं ते 'लागला' म्हणायलाच. पण त्याच क्षणी मला कळलं, की हे सांगितलं की सर म्हणतील, चला, बरं झालं. मग मी म्हणेन, आभारी आहे. आणि फोन ठेवला की पुन्हा नऊ वर्षं.

"न्हाई लागला," मी म्हटलं.

"काहून?" त्यांना खरंच नवल वाटलं. "आवाज तोच?"

"तोच."

"असं कसं व्हावं," ते स्वतःशीच म्हणाले. "बघू. उद्या अकराला."

मी आयुष्यात खोटं बोलले नाही असं नाही. अहवालात बोललेय, आईशी बोललेय. पण एवढ्या सहज, एवढ्या शांतपणे बोललेलं मला आठवत नाही.

त्यानंतर पाच दिवस रोज अकराला फोन येत होता. सर मला काही करायला सांगायचे आणि मी चालू कॉम्प्युटरपुढे बसून "केलं", "नाही झालं" म्हणत राहायची. दुसऱ्या खाचेत पट्टी घालून बघा. घातली, मी म्हणाले. नाण्याएवढी गोल बॅटरी असते, ती काढून पाच मिनिटं थांबा. ती मात्र मी खरंच काढली, कारण वेळ हरवत होती. घड्याळवाल्याकडून नवी आणून घातली आणि तारीख नीट झाली. सरांना म्हटलं, "त्यानंही काही झालं न्हाई."

ती पाच मिनिटं थांबण्याची सूचना मला फार आवडली. कारण ते म्हणाले, "तोवर बोला. फोन चालू ठेवतो."

मग आम्ही बोललो. त्यांची मिसेस चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा पुण्यात. सकाळी स्वतःच खिचडी लावतात आणि दुपारीही तीच खातात. कान जात चालल्यापासून पारावर बसणं सोडलं. "लोक बोलतात, आपण नुसतं हसायचं," ते म्हणाले, "अन् चुकीच्या जागी हसलं की मंग लोकच हसतात." फोनवर मात्र एकाच माणसाचा आवाज कानात जवळून येतो, त्यामुळं समजतं, असं म्हणाले. मी हळूहळू मोठ्यानं आणि सावकाश बोलायला शिकले. वर्गात बोलायची तसंच. शेजारीण एकदा भिंतीवरून म्हणाली, "बाई, शाळा पुन्हा लागली का काय?"

मीही सांगितलं. आईचं शेवटचं आजारपण सांगितलं, जे मी भावालाही नीट सांगितलं नव्हतं. तांड्यावर आता कोण आहे, कोणत्या पोरीचं लग्न झालं, शाळेचं छत बदललं, ते सांगितलं. त्या प्रमाणपत्राबद्दल मात्र ना मी बोलले, ना ते.

सहाव्या दिवशी सर म्हणाले, "बाई, फोनवर आता काही राहिलं न्हाई. मी येतो."

"कुठं येताय एवढ्या लांब," मी म्हटलं. "तीन गाड्या बदलाव्या लागतात."

"वसमत, हिंगोली, पुसेगाव. माहिती हाय. माझ्याकडं एक जुना पॉवर सप्लाय पडलेला हाय, तो घेऊन येतो. परवा येतो."

"सर, राहू द्या. तकलीफ होईल तुमाला."

"कसली तकलीफ. मला काय काम हाय?" आणि त्यांनी फोन ठेवला.

मला खरं सांगायला दीड दिवस होता. दर वेळी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. काय सांगणार होते? की तुम्ही सहा दिवस मला जे शिकवत होता, ते मी चालू मशीनपुढं बसून ऐकत होते? शेवटी ज्या सकाळी ते येणार होते, त्या सकाळी मी केलं ते सांगायला आजही संकोच वाटतो. आधी पेन ड्राइव्ह वेष्टनातून काढून यादी त्यावर उतरवून घेतली. मग कॉम्प्युटर बंद केला, पत्रा सरकवला, खिडकीच्या गजाला हात लावला आणि त्या हिरव्या पट्टीचा एक खटका उघडून तिला एका बाजूनं वर उचलून ठेवलं. बटण दाबून पाहिलं. तो लांब आवाज आला. मी पत्रा लावला आणि पोहे भिजवायला गेले.

सर साडेबाराला आले. मी थांब्यावर गेले होते. गाडीतून उतरले तेव्हा मी त्यांना आधी ओळखलंच नाही. खूप वाळले होते. पायजमा-सदरा, हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत जड काहीतरी. त्यांनी मात्र मला लगेच ओळखलं. "बाई, केस पांढरे केले का?" म्हणाले. मी म्हटलं, "आपोआप झाले." ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी नुसतं हसून मान हलवली, आणि ते हसू चुकीच्या जागी नव्हतं.

घरी आल्यावर आईच्या फोटोपुढं उभे राहिले. पाणी प्यायले. पोहे खाल्ले, एकदा परत घेतले. मग म्हणाले, "चला, बघू आपल्या पेशंटला."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. सरांनी बटण दाबलं, पडद्याकडं पाहिलं, मला खुणेनं विचारलं, "आवाज?" मी मान हलवली. त्यांनी वायर काढली, चष्मा बदलला, दोन स्क्रू सोडवले. पत्रा सरकवला आणि आत वाकून पाहत राहिले. बराच वेळ पाहत होते. बोटानं तो खटका आत-बाहेर करून पाहिला. मग पट्टी बाहेर काढली, उजेडात धरली. खालच्या रेघा लख्ख होत्या.

त्यांनी पट्टी परत बसवली. दोन्ही खटके लागल्याचं बोटांनी चाचपून पाहिलं. बटण दाबलं. पडदा उजळला. उजव्या कोपऱ्यात खाली आजची बरोबर तारीख आली, कारण बॅटरी नवी होती. तारीख नीट लावायला कॉम्प्युटर चालू असावा लागतो, हे मी विसरले होते.

सर खुर्चीवर मागं टेकले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, हा खटका आपोआप उघडत न्हाई."

"न्हाई," मी म्हटलं. मग ऐकू जावं म्हणून जवळ जाऊन मोठ्यानं म्हटलं, "मीच उघडला. आज सकाळी."

"कधीपासून चालू हाय?"

"तुमी खोडरबर सांगितला, फोन तुटला, तेव्हापासून."

त्यांनी मान खाली घातली. रागावले असतील असं मला वाटलं. काही तरी हिशोब करत असल्यासारखे बोटं चाळवत होते. मग म्हणाले, "म्हंजे पहिल्याच उपायाला झालं."

"व्हय."

"माझं निदान बराबर होतं."

"बराबर होतं, सर."

"मला वाटून राहिलं होतं, आपलं सगळंच गेलं," ते म्हणाले. "कान गेले, आता डोकंही गेलं. परवा रात्रभर इचार करत होतो, काय राहिलं तपासायचं."

मी हे धरलंच नव्हतं. माझ्या खोट्यानं त्यांना असं वाटत असेल, हे त्या सहा दिवसांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मी फक्त अकराची वाट पाहत होते. मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "सर, तेव्हाही मी असंच केलं. अर्जात तुमचं नाव..."

"आठवतं," ते म्हणाले.

"मी आता त्या यादीवर तुमचं नाव घालते. आधी तुमचं, मग माझं."

त्यांनी थोडा वेळ पडद्याकडं पाहिलं. "राहू द्या बाई. ते तेव्हाच लिहायला पाहिजे होतं. आता कोण बघणार हाय ते." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी माउस हातात घेतला आणि यादी उघडायला लावली. नाकाजवळ पडदा ओढून पहिल्या पानापासून वाचायला लागले. मी चहा केला. ते वाचतच होते. मध्येच थांबून म्हणाले, "हा शब्द चुकला हाय." मी वाकून पाहिलं. आम्ही अगदी सुरुवातीला दुसरीतल्या पोरांकडून घेतलेला शब्द होता, 'गुरुजी' या शब्दापुढं लिहिलेला. "पोरांनी आपल्याला फसवलं होतं," सर म्हणाले. "मला बदली झाल्यावर तिकडल्या तांड्यावरच्या एका बाईनं सांगितलं ह्याचा अर्थ काय होतो ते." आणि त्यांनी मला सांगितलं. तो इथं लिहिण्यासारखा नाही. आम्ही दोघं हसलो. मी इतकी हसले की चहा सांडला. एवढी वर्षं तो शब्द प्रमाणपत्र मिळालेल्या यादीत, तालुक्याच्या टेबलावर, साहेबांच्या पुढं पडून होता.

चारच्या गाडीनं ते गेले. पॉवर सप्लाय पिशवीतून काढून माझ्याकडं ठेवून गेले. "कवा लागला तर," म्हणाले. थांब्यावर मी विचारलं, "फोन करत जाल ना?" गाडीचा आवाज होता. त्यांनी हाताचा पंजा कानामागं धरला. मी पुन्हा विचारलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना कळलं होतं का, ते मला सांगता येणार नाही.

फोन आले. पहिले काही महिने दर रविवारी आले, अकरालाच. कॉम्प्युटरबद्दल बोलायचं काही नसायचं, म्हणून आम्ही शब्दांबद्दल बोलायचो. पण त्यांचे कान भराभर खाली गेले. मी एक वाक्य चारदा म्हणायची, मग पाचव्यांदा ते म्हणायचे, "असू द्या, पुढं बोला." हळूहळू बोलणं "बरं हाय का" आणि "बरं हाय" एवढ्यावर आलं. दिवाळीनंतर ते मोबाइलवर लिहून पाठवायला लागले. एक ओळ, कधी नुसता नमस्काराचा हात. मीही एक ओळ लिहायची. लिहिताना आवाज नसतो, त्यामुळं ते मला पुरत नव्हतं. त्यांना काय वाटत होतं, मी विचारलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या ओळी येणं थांबलं, तेव्हा मी न कळवता हट्ट्याला गेले. वसमतपासून पुढं हळद शिजवायची कामं चालू होती, सगळ्या रस्त्यानं तो वास. गावात विचारत विचारत सरांचं घर काढलं. दाराला कुलूप होतं. शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली, म्हणाली, "गुरुजीला लेकानं पुण्याला नेलं. पंधरा दीस झाले. तुमी कोण?"

"आमी एका शाळेत होतो," मी म्हटलं.

तिनं मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. तिला माझ्याशी बोलायचं होतं, पण तिच्या घरात कुणीतरी हाक मारली आणि ती आत गेली. मी थोडा वेळ सरांच्या ओट्यावर बसले. ओटा सारवलेला नव्हता, कोपऱ्यात वाळलेली पानं साचली होती. झाडू दिसला नाही म्हणून मी ती हातानंच गोळा करून उंबऱ्याच्या बाजूला लोटली. मग हात झटकून उठले. दोनची गाडी मिळायची होती, आणि थांबा गावाच्या दुसऱ्या टोकाला होता.